साइडकिक आणि मेमरीत बसून राहणारे प्रोग्रॅम : सोलापुरात कोणी कोणी वापरले?

पार्कचौक

डॉसचा विषय निघाला की लोक वर्डस्टार (पत्रं लिहायला), लोटस (हिशेबाची शीट), डीबेस (नोंदी ठेवायला) एवढी नावं घेतात आणि थांबतात. या तिघांच्या मागे मेमरीत बसून असणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची आठवण कोणी काढत नाही. हा धागा त्यांच्यासाठी. माझं मत आधीच सांगून ठेवतो : त्या पीसीवर पेढीचं काम सुखाने होऊ लागलं ते या टीएसआर (टर्मिनेट अँड स्टे रेसिडेंट, म्हणजे काम संपवूनही मेमरीत राहणाऱ्या) मंडळींमुळे, मोठ्या पॅकेजेसमुळे नव्हे.

ज्यांनी डॉस पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम. डॉसवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा. डीबेसमध्ये बिलाची एंट्री अर्धी झाली आहे आणि मध्येच दुसऱ्या पार्टीचा फोन आला, तर तिचा निरोप लिहायला कागद शोधायचा नाहीतर प्रोग्रॅम बंद करायचा, तिसरा मार्गच नाही. १९८४ मध्ये बोरलँड कंपनीने साइडकिक आणलं. मशीन चालू झाल्यावर ते एकदा सुरू करायचं, ते लगेच प्रॉम्प्ट परत द्यायचं, पण मेमरीतून जायचं नाही. मग दिवसभर कुठल्याही प्रोग्रॅममध्ये असा, कंट्रोल आणि आल्ट एकत्र दाबलं की समोरच्या स्क्रीनवरच त्याचा मेनू उघडायचा. एफ२ ला नोटपॅड, एफ३ ला कॅल्क्युलेटर, एफ४ ला कॅलेंडर. एस्केप मारलं की खालची एंट्री जशीच्या तशी, कर्सरसुद्धा त्याच जागी.

मी तेव्हा नवी पेठेत एका सुताच्या पेढीवर हिशेब बघायचो. मशीन एक्सटी, म्हणजे सुरुवातीच्या काळातला पीसी, ४.७७ मेगाहर्ट्झचं, हरक्युलस हे स्क्रीनचं कार्ड आणि हिरवा मॉनिटर. सुताचे भाव फोनवर यायचे, तेही तुटक तुटक, मध्येच लाइन जायची. नोटपॅड उघडून ते टिपायचे आणि परत एंट्रीवर. नोटपॅडच्या कमांड वर्डस्टारच्याच असल्याने हाताला वेगळं काही शिकवावं लागलं नाही. खालच्या स्क्रीनवरचा मजकूर चौकोन आखून नोटपॅडमध्ये उचलता यायचा आणि नोटपॅडमधला दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकता यायचा. डीबेसमधला पत्ता उचलून वर्डस्टारच्या पत्रात टाकणं आज कोणाला विशेष वाटणार नाही, पण तेव्हा त्यासाठी दुसरा सोपा रस्ता आमच्याकडे नव्हता.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही ती म्हणजे साइडकिकमधला आस्की तक्ता, अक्षरांच्या नंबरांची यादी. तो प्रोग्रॅमरसाठी दिला असावा, पण आम्हाला लागायचा प्रिंटरसाठी. खतावणी १३२ कॉलमची आणि प्रिंटर ८० कॉलमचा. एप्सन पद्धतीच्या डॉट मॅट्रिक्सला १५ नंबरचं अक्षर पाठवलं की बारीक छपाई, १८ पाठवलं की पुन्हा नेहमीची. हे नंबर तक्त्यात बघून घ्यायचे.

सोलापुरात आणखी कोणी वापरलं असेल तर लिहा. कुठलं काम, कुठला प्रोग्रॅम, काय अडचणी आल्या, सगळं चालेल.

शेंगाचटणी

काका, फार बरं केलंत हा धागा काढून. मी दत्त चौकाजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले. आमच्याकडे साइडकिक होतंच, शिवाय माउसचा ड्रायव्हर आणि कीबोर्डवर मॅक्रो भरणारा एक प्रोग्रॅम. हे सगळे टीएसआर. त्यामुळे मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये कोण आधी, कोण नंतर हा क्रम आम्ही कागदावर लिहून भिंतीला चिकटवला होता. साइडकिक सगळ्यात शेवटी. ते शेवटी नसलं तर कीबोर्ड कोणाच्या हातात यावरून भांडण व्हायचं आणि मशीन गप्प बसायचं.

मुलांना मी एक सवय लावली होती. हॉटकी, म्हणजे टीएसआर उघडायची कळ, दाबण्याआधी खालची फाइल सेव्ह करायची. तशीही ती लागायचीच, कारण दुपारी लाइट गेली की यूपीएस काही मिनिटं तग धरायचा. एप्रिल-मे मध्ये तर त्या खोलीत मशीनला पंखा की माणसांना, असा प्रश्न असायचा.

प्रिंट या डॉसच्याच कमांडबद्दल कोणी लिहिणार आहे का? तोही टीएसआरच की. १९८३ च्या डॉस २.० पासून होता. डीबेसचा रिपोर्ट कागदाऐवजी फाइलमध्ये काढायचा आणि ती फाइल प्रिंटच्या रांगेत लावायची. छपाई मागे हळूहळू चालू राहायची आणि मुलं पुढचं काम करायची. मार्चअखेरीला लोक स्वतःची खातेवही छापायला आमच्या क्लासमध्ये यायचे, तेव्हा याच कमांडने मशीन मोकळं ठेवलं.

असेंब्ली८०८८

आतून हे कसं चालायचं ते लिहितो. मला यातलं सौंदर्य तिथेच दिसतं.

८०८८ प्रोसेसरच्या मेमरीत अगदी सुरुवातीला, शून्य पत्त्यापासून, १०२४ बाइट्सचा एक तक्ता असतो. त्यात २५६ पत्ते, प्रत्येकी ४ बाइट्सचे. इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणारी हाक. कळ दाबली की हार्डवेअर इंटरप्ट ९ उठवतं आणि प्रोसेसर तक्त्यातल्या नवव्या पत्त्यावर जातो. घड्याळाचा ठोका सेकंदाला साधारण १८.२ वेळा पडतो, त्याचा इंटरप्ट ८. डिस्कचं काम १३ हेक्स, डॉसची कामं २१ हेक्स (हेक्स म्हणजे सोळावर आधारलेली मोजणी). टीएसआर काय करतो? या तक्त्यातला जुना पत्ता स्वतःकडे लिहून ठेवतो, त्या जागी आपला पत्ता टाकतो आणि डॉसला सांगतो, 'माझं झालं, पण माझी जागा दुसऱ्या कोणाला देऊ नको.' हे सांगायचा जुना मार्ग इंटरप्ट २७ हेक्स, त्यात ६४ केबीची मर्यादा होती. डॉस २ पासून इंटरप्ट २१ चं फंक्शन ३१ हेक्स आलं.

त्यानंतर प्रत्येक कळ आधी टीएसआरकडे येते. ती हॉटकी नसेल तर तो जुन्या पत्त्यावर पाठवून देतो. दुसरा टीएसआर आला की तो पहिल्याचा पत्ता जपून स्वतः पुढे बसतो. एखाद्या चाळीत पोस्टमनने सगळी पत्रं पहिल्या खोलीत द्यायची आणि प्रत्येकाने आपली काढून उरलेली पुढच्या खोलीत द्यायची, तसं हे चालतं. एकाने जरी पत्रं दाबून ठेवली तरी मागच्यांना काही मिळत नाही. शेंगाचटणीताईंनी भिंतीवर क्रम लावला होता तो याचसाठी.

आता अवघड भाग. डॉस स्वतःच्या आत पुन्हा शिरू देत नाही. समजा डीबेसने डॉसला फाइल लिहायला सांगितली आहे, ते काम अर्ध्यावर आहे आणि नेमकं तेव्हा तुम्ही नोटपॅड उघडून ते सेव्ह केलंत. नोटपॅडही डॉसलाच बोलावणार. फाइलच्या कामांसाठी डॉसचा आतला स्टॅक (चालू कामाची माहिती ठेवायची जागा) एकच, पहिल्या कामाची माहिती पुसली जाते आणि डिस्कवर काय लिहिलं जाईल याचा भरवसा राहत नाही. यासाठी डॉसच्या पोटात एक बाइट होता, 'मी आत्ता कामात आहे' असं सांगणारा. त्याचा पत्ता फंक्शन ३४ हेक्सने मिळायचा, पण मायक्रोसॉफ्टने हे फंक्शन वर्षानुवर्षे अधिकृत पुस्तिकेत दिलं नव्हतं. लोकांनी डॉसचा कोड उकलून शोधून काढलं. शिवाय प्रॉम्प्टवर कळेची वाट बघत असताना डॉस इंटरप्ट २८ हेक्स उठवत राहतं, म्हणजे 'आत्ता फाइलचं काम उरकून घ्या' अशी परवानगीच. चांगला टीएसआर या दोन्ही खुणा बघून मगच डिस्कला हात लावायचा.

हिप्परगा

असेंब्ली सर, स्क्रीन जशीच्या तशी परत कशी यायची? मी विंडोज ९५ पासूनचा माणूस आहे, त्याआधीचं काही बघितलेलं नाही.

असेंब्ली८०८८

सोपं आहे. टेक्स्ट मोडची स्क्रीन म्हणजे ८० गुणिले २५, म्हणजे २००० अक्षरं. प्रत्येक अक्षराला एक बाइट त्याचा आणि एक रंगाचा, मिळून ४००० बाइट्स. रंगीत कार्डावर ही जागा मेमरीत बी८०० सेगमेंटला (पत्त्याला), हरक्युलससारख्या मोनोक्रोम कार्डावर बी००० ला. उघडताना ते ४००० बाइट्स बाजूला नक्कल करायचे, मिटताना परत ओतायचे. ग्राफिक्स मोडमध्ये मात्र ही युक्ती चालत नाही. म्हणून लोटसमध्ये आलेख उघडा असताना बहुतेक टीएसआर वर यायचेच नाहीत.

अक्कलकोटरोड

लई दिवसांनी आपल्या कामाचा विषय आला बघा. मी पूर्व भागातला. घरचे यंत्रमाग, आधी चादर, नंतर टॉवेल. मी इंजिनिअरिंगला असताना टर्बो पास्कल ४ मध्ये आमच्या ऑफिससाठी एक टीएसआर लिहिला होता. काम एकच : सुताचं वजन काढायचं.

मागाच्या धंद्यात हे गणित दिवसातून किती वेळा लागतं ते माग चालवणाऱ्यालाच माहीत. काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डाच्या किती लड्या बसतात तो आकडा. ते मीटर आणि किलोत आणलं की सूत्र असं होतं : ताण्याच्या तारा गुणिले लांबी मीटरमध्ये गुणिले ०.५९०५, भागिले काउंट, उत्तर ग्रॅममध्ये. २४०० तारा, १०० मीटर, २० काउंट, तर ७०८६ ग्रॅम, म्हणजे सात किलोच्या जरा वर. दुहेरी सूत असलं, २/२०, तर काउंट १० धरायचा आणि वजन दुप्पट, १४ किलो १७२ ग्रॅम. त्यावर विणताना आत जाणारी लांबी आणि घट धरायची ती वेगळी. हे सगळं बिलाच्या स्क्रीनवर असतानाच काढता यावं म्हणून दोन्ही शिफ्ट एकत्र दाबल्यावर उघडणारी छोटी चौकट केली. तारा, लांबी, काउंट, एंटर. बास.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी खाचाखोचा सांगतो.

टर्बो पास्कलमध्ये डॉस युनिटात कीप नावाची प्रोसिजर आहे, ती प्रोग्रॅमला मेमरीत ठेवते. पण त्याआधी वर एम डायरेक्टिव्ह देऊन हीप (प्रोग्रॅमने राखून ठेवलेली मेमरी) शून्य करायला पाहिजे, कारण पास्कलचा प्रोग्रॅम एरवी सगळी मोकळी मेमरी स्वतःकडे घेतो. तसंच कीप केलं तर तुमचा एकटाच राहतो मशीनमध्ये, दुसरं काही सुरूच होत नाही.

शिफ्ट दाबल्याचं कळायला कळा वाचायची गरज नाही. बायॉसच्या (मशीनमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमच्या) जागेत ००४०:००१७ या पत्त्यावर एक बाइट असतो. उजवी शिफ्ट दाबली की त्यात १, डावी दाबली की २. दोन्ही मिळून ३. घड्याळाच्या १सी हेक्स इंटरप्टवर बसून दर ठोक्याला हा बाइट बघायचा.

आणि वर असेंब्ली सरांनी डॉसचं सांगितलं तो सगळा त्रासच नको म्हणून मी फाइलला हातच लावला नाही. कळा बायॉसकडून, अक्षरं थेट स्क्रीनच्या मेमरीत. पास्कलचा सहा बाइटचा रिअल प्रकार सॉफ्टवेअरनेच गणित करतो, म्हणून ८०८७ ही गणिताची जादा चिप असली काय, नसली काय, फरक पडत नव्हता.

वडिलांना इंग्रजी वाचायचं अवघड, घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण ती चौकट त्यांना पाठ झाली होती. ऑफिसमध्ये कोणी सूत घेऊन आलं की ते स्वतः येऊन दोन्ही शिफ्ट दाबायचे. कॉम्प्युटरला त्यांनी लावलेला पहिला हात तो.

पार्कचौक

अक्कलकोटरोड, हे वाचून फार आनंद झाला. मला जे म्हणायचं होतं ते तुमच्या उदाहरणाने नीट पुढे आलं. साइडकिक अमेरिकेतल्या ऑफिससाठी केलेलं. त्यात फोन लावायची सोय होती, ती मॉडेम असेल तरच. आमच्या पेढीवर ट्रंक कॉल बुक करून बसायचे, तिथे त्या सोयीचा काय उपयोग? मेमरी मात्र तीही खायची. तुम्ही मात्र तीच युक्ती वापरून सोलापूरच्या मागाला लागेल एवढंच केलं.

हिप्परगा

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. हे सगळं मुळात तात्पुरती ठिगळं नव्हती का? १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये कॅल्क्युलेटर, नोटपॅड अशा गोष्टी सिस्टिमनेच दिल्या होत्या. युनिक्सवर एकाहून जास्त प्रोग्रॅम आधीपासून चालत होते. डॉसने ते दिलं नाही म्हणून लोकांनी चोरवाटा काढल्या, आणि मशीन अडकण्याची किंमत वापरणाऱ्याने दिली. मग कौतुक नक्की कशाचं?

असेंब्ली८०८८

प्रश्न रास्त आहे. मॅकचं तुम्ही म्हणता ते खरं. पण पीसीवर हे रीतसर करायचे प्रयत्न त्याच काळात झाले होते. आयबीएमचं टॉपव्ह्यू १९८५ मध्ये आलं, क्वार्टरडेकचं डेस्कव्ह्यू त्याच वर्षी, विंडोजची पहिली आवृत्तीही १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये. ८०८८ आणि ६४० केबी मेमरीवर हे सगळं जड व्हायचं. त्यांची मेमरी आणि वर तुमच्या डीबेसची, एवढी जागाच नव्हती. साइडकिक मात्र त्याच मशीनवर, कळ दाबल्याबरोबर उघडायचं. ज्याच्याकडे एक्सटी आहे त्याला आज काम करायचं होतं, पाच वर्षांनी नव्हे.

धोका होता हे मान्य. एकदा बसलेला टीएसआर काढणंही अवघड. मधलाच काढला तर साखळी तुटते. टर्बोपॉवर कंपनीचे मार्क आणि रिलीज हे दोन प्रोग्रॅम त्यासाठी होते. मार्क आधी सगळ्या तक्त्याची नोंद ठेवायचा, रिलीज त्यानंतर आलेल्या सगळ्यांना एकदम बाहेर काढून तक्ता पूर्वीसारखा करायचा.

शेंगाचटणी

हिप्परगा, मेमरीची किंमत मात्र खरंच मोजावी लागायची. लोटसची शीट पूर्ण मेमरीत राहायची. साइडकिक बसलेलं असलं की मोठ्या शीटवर मेमरी फुलचा संदेश लवकर यायचा. म्हणून आम्ही दोन बूट फ्लॉपी ठेवायचो. लोटसच्या तासाला रिकामी, डीबेसच्या तासाला टीएसआरवाली.

१९९१ मध्ये डॉस ५ आलं तेव्हा यात खरा फरक पडला. डॉस स्वतः प्रोग्रॅमना मिळणाऱ्या ६४० केबीच्या वर जाऊन बसू लागलं आणि ३८६ मशीनवर लोडहाय लावून टीएसआरही वर ढकलता येऊ लागले. खाली ६०० केबीच्या पुढे जागा मोकळी दिसली तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या होत्या. डॉसकी हा जुन्या कमांड परत आणणारा टीएसआरही त्याच आवृत्तीत आला. तो आम्ही शेवटपर्यंत काढला नाही.

आता दुसरी बाजू. क्लासमध्ये आम्ही रोज सकाळी प्रत्येक मशीनवर चेकडिस्क चालवायचो आणि एकच आकडा बघायचो : ६५५३६०, म्हणजे ६४० केबी बाइट्समध्ये. एकूण मेमरी तेवढीच दिसली पाहिजे. ६५३३१२ दिसले की समजायचं, २ केबी कोणीतरी दाबून बसलंय. तो स्टोन्ड व्हायरस. बूट सेक्टरचे (मशीन सुरू होताना डिस्कवरचा जो पहिला भाग वाचला जातो त्यात बसणारे) व्हायरस मेमरीच्या वरच्या टोकाला लपायचे आणि बायॉसला मेमरी कमी सांगायला लावायचे.

असेंब्ली८०८८

ताई, महत्त्वाचा मुद्दा. व्हायरसची युक्ती आणि साइडकिकची युक्ती एकच. लाहोरचा ब्रेन १९८६ मधला, तो १३ हेक्सवर बसायचा आणि कोणी बूट सेक्टर वाचायला गेलं की मूळचा स्वच्छ सेक्टर दाखवायचा. १९८७ मध्ये सापडलेला जेरुसलेम २१ हेक्सवर बसून, चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला चिकटायचा. अर्ध्या तासाने मशीन संथ करायचा आणि शुक्रवारी १३ तारीख असली की चालवाल तो प्रोग्रॅम पुसायचा. कॉम फाइल १८१३ बाइट्सनी फुगली की तोच. नंतर व्हायरस पकडणारेही टीएसआरच आले, डॉस ६ मधला व्हीसेफ तसाच. डॉस कोणालाच अडवत नव्हतं, ना चांगल्याला ना वाईटाला. त्यामुळे अक्कलकोटरोड यांच्यासारखा विद्यार्थी मशीनच्या मुळाशी जाऊ शकला, आणि त्याच दारातून हेही आले.

विजापूरवेस

मराठीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड मी एका कचेरीत वापरलं. आयआयटी कानपूरला जे काम सुरू झालं होतं, ते पुढे सी-डॅकमध्ये वाढलं. कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की डीबेस, वर्डस्टार असे इंग्रजी प्रोग्रॅम न बदलता त्यात देवनागरी लिहिता यायची, इनस्क्रिप्ट कळफलकाने. म्हणजे हार्डवेअरच्या पातळीवर तोच विचार : खालच्या प्रोग्रॅमला न कळता वर आपली सोय बसवायची. अडचण एवढीच की इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात आपली अक्षरं १६१ पासून पुढे, आणि आयबीएमच्या संचात चौकटीच्या रेषा १७९ ते २१८ या क्रमांकांवर. दोघांची जागा एकच. टीएसआरच्या चौकटी त्या रेषांनीच काढलेल्या असायच्या, म्हणून मराठीचं काम असताना आम्ही ते वापरतच नव्हतो.

अक्कलकोटरोड

हिप्परगांना एवढंच सांगतो. ठिगळ म्हणा हवं तर. पण टॉवेलच्या ऑर्डरीचा भाव ठरवताना समोर माणूस बसलेला असतो आणि वजन त्याच क्षणी सांगावं लागतं. मशीन बंद-चालू करून उद्या सांगतो म्हटलं तर तो शेजारच्या कारखान्यात जातो.

हिप्परगा

पटलं. मी फक्त पुस्तकी बाजूने बघत होतो. आता हे प्रत्यक्ष बघायचंय. आजच्या लॅपटॉपवर चालेल का? आणि तुमचा वजनाचा प्रोग्रॅम आहे का अजून?

असेंब्ली८०८८

चालेल. ८६बॉक्ससारखा एम्युलेटर घ्या, तो प्रोसेसरपासून कार्डापर्यंत पूर्ण मशीनची नक्कल करतो. एक्सटी, ६४० केबी, हरक्युलस अशी निवड करा आणि त्यात डॉस ३.३ टाका. पहिल्यांदा दुसरा कुठलाही टीएसआर लावू नका. कंट्रोल-आल्ट लॅपटॉपच्या स्वतःच्या सिस्टिमने मध्येच पकडलं तर दोन्ही शिफ्ट वापरून बघा. चेकडिस्क आधी एकदा आणि नंतर एकदा चालवा, मोकळी मेमरी किती कमी झाली ते दिसेल. डॉसचा डीबग प्रोग्रॅम उघडून डी ०:० दिलं की त्या २५६ पत्त्यांच्या तक्त्यातले पहिले ३२ पत्ते समोर येतात. नववा पत्ता ०:२४ हेक्सला सापडेल, तो टीएसआर बसण्याआधी आणि नंतर ताडून बघा.

अक्कलकोटरोड

एक्झी फाइल गेली, पण सोर्सची छापील प्रत आहे, डॉट मॅट्रिक्सवरची, जोडकागद अजून फाडलेला नाही. शाई फिकी झालीये, वाचता मात्र येतंय. रविवारी माग बंद असतात तेव्हा टाइप करून इथेच टाकतो. स्क्रीनच्या मेमरीचा पत्ता हरक्युलससाठी बी००० धरलेला आहे. रंगीत कार्ड निवडणार असाल तर ती एक ओळ बी८०० करून घ्या.

पार्कचौक

टाका. मी माझ्याकडच्या खतावणीच्या डीबेस फाइली देतो, म्हणजे त्यावर चालवून बघता येईल. पार्ट्यांची नावं आधी काढून टाकतो.